ह.भ.प.पासून सुरुवात कर

चि. सोनूस,



टेक्स्ट फाइल वाचणं हे पायथॉनमध्ये तीन ओळींचं काम, असं तुमच्या मॅडमनी शिकवलं आणि तू अण्णांसमोर लॅपटॉप ठेवून ते करूनही दाखवलंस, हे दादाने कौतुकाने कळवलं. मॅडमचं बरोबरच आहे. फाइल उघडायची, एकेक ओळ घ्यायची, छापायची. पण मग त्याच तीन ओळी तू कपाटातल्या जुन्या सीडीवरच्या फायलीला लावल्यास आणि पडद्यावर जे उमटलं त्याचा फोटो मला पाठवलास. खाली एकच प्रश्न: "आत्या, फाइल सडली का गं?"

सडली नाही. तिच्यातला एक बाइटही जागचा हललेला नाही, आणि आतला मजकूर शुद्ध मराठी आहे. दादा तरुणपणी सप्ताहाच्या मंडळात होता तेव्हाची ती कार्यक्रमपत्रिका आहे. कशी वाचायची ते फोनवर सांगणार होते, पण सांगायचं वाढत गेलं. शिवाय असल्या फायली ओतूरपासून मंचरपर्यंत कितीतरी घरांत, शाळांत, सोसायट्यांत आणि बंद पडलेल्या डीटीपीच्या दुकानांत पडून असणार. म्हणून तुला विचारून हे पत्र छापायलाच देते आहे.

जुन्या फायली वाचायच्या आणि नव्या जागी नेऊन ठेवायच्या, यावरच माझं पोट चालतं. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते: फाइल स्वतःबद्दल काहीही सांगत नाही. आत फक्त आकडे असतात, ० ते २५५ यांपैकी एकेक, एकामागून एक. नावाच्या शेवटी टीएक्सटी लावलं म्हणून आत अक्षरं आहेत असं होत नाही. ती अक्षरं आहेत हे लिहिणाऱ्याने मनात धरलेलं असतं आणि वाचणाऱ्याने ते ओळखायचं असतं. इंग्रजीवाल्यांना याची झळ कमी लागते, कारण त्यांच्या अक्षरांचे १२८च्या आतले आकडे बहुतेक सगळ्या पद्धतींत तेच आहेत. आपल्याला मात्र दर वेळी विचारावं लागतं.

आपल्या गावाचंच नाव घे. 'ओतूर' यात अक्षरं किती? अण्णांना विचारशील तर ते ३ म्हणतील: ओ, तू, र. पायथॉनला विचारशील तर तो ४ सांगेल, कारण दीर्घ उकार तो वेगळा मोजतो. डिस्कवर पाहशील तर तिथे १२ बाइट आहेत: २२४ १६४ १४७, २२४ १६४ १६४, २२४ १६५ १३०, २२४ १६४ १७६. तिघंही खरं बोलतात. डिस्कवर अक्षरं ज्या रीतीने मांडली आहेत तिला यूटीएफ-८ म्हणतात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, तिचा आराखडा मांडला. आपल्या वापरातल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तिच्यात तीन बाइट लागतात, पहिला नेहमी २२४. पुढचे दोन कायम १२८ ते १९१ यांच्या दरम्यान, म्हणून मधूनच कुठूनही वाचायला लागलीस तरी नवं चिन्ह कुठे सुरू होतं ते कळतं. इतक्या साध्या युक्तीने जगभरचा मजकूर सांभाळला जातो याचं मला अजूनही नवल वाटतं.

आधी सोपी फाइल घेऊ, म्हणजे अण्णांच्या कांद्याच्या पट्ट्यांची, जी तू स्वतः टाइप केलीस. तारीख, मळा, प्रत, पिशव्या, वजन, दहा किलोचा दर, हमाली-तोलाई, हातात आलेली रक्कम. तुझ्या फोनवर ती नीट दिसते आणि कॉलेजच्या विंडोजवर पायथॉनने उघडली की अडते, हे तुझं गाऱ्हाणं. कारण असं की एन्कोडिंग कोणतं ते तू पायथॉनला सांगितलंच नाहीस. न सांगितलं तर तो त्या मशीनची जी ठरलेली पद्धत असेल ती धरतो. आपल्याकडच्या बहुतेक विंडोजवर ती पश्चिम युरोपच्या भाषांसाठी केलेली १२५२ क्रमांकाची असते. तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर, त्यामुळे 'ओतूर'ची १२ चिन्हं होतात. २२४ म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, १६४ म्हणजे चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं गोल, १६५ म्हणजे जपानी येनची खूण. बिघडलेल्या मराठी ईमेलमध्ये तो रेघवाला ए ओळीने पाहिला असशील. येन कुठे येतो तेही सांगते, कारण मला त्यात मजा वाटते: ऱ्हस्व वेलांटीपर्यंतच्या चिन्हांना गोल मिळतो आणि दीर्घ वेलांटीपासून पुढे, अंकांसकट, येन. अण्णांच्या पट्टीतला प्रत्येक मराठी आकडा असा जपानी चलनात जाऊन बसतो.

आता खरी गंमत बघ. याच चुकीच्या पद्धतीने 'ओतूर' वाचलं तर पायथॉन तक्रार करत नाही, निमूट कचरा हाती देतो. 'जुन्नर' वाचलं तर मात्र तिथेच थांबतो आणि चूक दाखवतो. ऱ्हस्व उकाराच्या तीन बाइटांपैकी शेवटचा १२९ आहे आणि १२५२च्या तक्त्यात १२९ची जागा रिकामी आहे. हलंताचा शेवटचा बाइट १४१, तोही रिकामा. म्हणजे जोडाक्षर आलं की अडलंच. स्वतंत्र ए आणि झ यांचं तेच. तू पाठवलेल्या त्या लाल संदेशात ८१ असा आकडा होता ना, तो सोळाच्या पायावर लिहिलेला १२९च आहे. तू त्या संदेशावर चिडलीस. मला विचारशील तर 'जुन्नर'ने आपल्यावर उपकार केले. 'ओतूर'सारखंच सगळं गुपचूप गेलं असतं तर तू कचऱ्याची बेरीज करत बसली असतीस.

उपाय एका शब्दाचा आहे. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिही, दर वेळी, चालतंय तरीसुद्धा. इंटरनेटवर दुसराही उपाय सापडेल: न समजलेले बाइट सोडून दे असं पायथॉनला सांगता येतं. हिशोबाच्या फायलीवर ते कधी करू नकोस. ओळी गळत नाहीत, अक्षरं गळतात, आणि गळलेलं कुठे कळत नाही. अगदीच नड असेल तर न समजलेल्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह ठेवणारा प्रकार वापर. निदान भोक दिसतं तरी.

पहिल्या ओळीतला 'तारीख' हा मथळा तुला सापडत नव्हता, त्याचं कारण वेगळं. ती फाइल तू एक्सेलमधून सेव्ह केली होतीस. तिथून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलं की सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन बाइट जोडले जातात. ही यूटीएफ-८ आहे अशी ती ओळख. फाइल स्वतःबद्दल काही सांगत नाही असं वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद. पडद्यावर ते बाइट दिसत नाहीत, पण 'तारीख' या शब्दाला चिकटून बसतात, आणि तुझा 'तारीख' त्या 'तारीख'शी जुळत नाही. एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग असं दे, पायथॉन ते बाइट काढून टाकेल. उलट तुझी फाइल एक्सेलमध्येच उघडायची असेल तर ते असू दे. त्यांच्याशिवाय एक्सेलमध्ये मराठी बऱ्याचदा विस्कटतं.

मराठी अंकांची तुला धास्ती होती. ती सोड. पायथॉनच्या इंटला '४५०' असे देवनागरी अंक दिलेस तरी तो सरळ संख्या करून देतो, काही वेगळं करावं लागत नाही. जावास्क्रिप्ट नाही देत. पण '१,२५,०००' मधले स्वल्पविराम पायथॉनलाही चालत नाहीत, ते आधी काढावे लागतात. आणि रकमेत स्वल्पविराम असताना रकान्यांच्या मधेही स्वल्पविरामच ठेवलास तर एका पट्टीचे रकाने वाढतात आणि हमाली दराच्या जागी जाऊन बसते. रकान्यांमध्ये टॅब ठेव. प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ संपल्याची खूण असते, तीही हातात येते. स्ट्रिपने ती काढ, नाहीतर छापताना मधे कोऱ्या ओळी पडतात.

एवढं करून तू मळ्यांप्रमाणे बेरीज केलीस, आणि 'दऱ्यातला' हा मळा यादीत दोनदा आला. दोन्ही नावं डोळ्यांना सारखीच. अण्णा म्हणाले, आपला दऱ्यातला मळा एकच आहे. त्यांचं खरं. आपला हा आखूड, चंद्रकोरीसारखा 'ऱ्' दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत. दुसऱ्या रीतीत साधा र, मग हलंत, मग जोडणारं एक अदृश्य चिन्ह. तू अर्धी फाइल फोनवर टाइप केलीस, अर्धी कॉम्प्युटरवर. दिसायला एक, आतून दोन. युनिकोडच्या नॉर्मलाइझने हे आपोआप सुटेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. साध्या र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ तो एकत्र आणतो, पण अदृश्य चिन्हाचा प्रकार त्याच्या हद्दीबाहेरचा आहे. वाचतानाच, ओळ हातात आल्या आल्या, दुसरी रीत पहिलीत बदलून टाक. शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या, कऱ्हाडकरांच्या कुठल्याही यादीत हा घोळ तुला भेटणार. गावांची नावं वर्णक्रमाने लावायला गेलीस तर ळ हा ल आणि व यांच्या मधे आलेला दिसेल. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, पण युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा तिथे आहे. आत्ता त्याच्या नादी लागू नकोस.

एक ताकीद मात्र देऊन ठेवते. ओपन करताना दुसऱ्या जागी डब्ल्यू हे अक्षर दिलंस की फाइल लिहिण्यासाठी उघडते, आणि उघडताक्षणी रिकामी होते. तू काही लिहीपर्यंत ती थांबत नाही. वाचायला काहीच द्यावं लागत नाही, किंवा आर द्यायचा. कळपाटावर डब्ल्यू आणि आर यांच्या मधे एकच कळ आहे. अण्णांच्या पट्ट्यांची वेगळी प्रत पेनड्राइव्हवर ठेव. आणि विथ लावून उघड, म्हणजे काम झाल्यावर ती आपोआप बंद होते.

आता सप्ताहाची फाइल.

ती १९९०च्या दशकातली आहे. तेव्हा मराठीसाठी प्रमाण नव्हतं असं नाही. अक्षरांना आवाजाप्रमाणे क्रमांक देणारी इस्की पद्धत भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाण केली होती. पुण्यातल्या सी-डॅकने तिच्यावर बरंच काम केलं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली, आणि देवनागरीला तिच्यात २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या, त्या इस्कीची मांडणी पाहूनच. पण छपाईच्या दुकानात जे सॉफ्टवेअर होतं त्याला मात्रा कुठे बसते, रफार कुठे चढतो, जोडाक्षर कसं होतं यातलं काही येत नव्हतं. त्याला ए ते झेड ही अक्षरं तेवढी येत. मग फाँट करणाऱ्यांनी ए ते झेडच्या घरांतच मराठी आकार नेऊन बसवले. फाइलमध्ये जातं इंग्रजी अक्षर, कागदावर उमटतं मराठी. पत्रिका छापायची आणि वाटायची, एवढंच काम होतं. इतक्या वर्षांनी कुणाची भाची पायथॉन घेऊन येईल हे कोणाच्या डोक्यात असणार? पुढे विंडोज २०००मध्ये मराठी युनिकोड आलं, र. कृ. जोशींनी रेखाटलेला मंगल फाँट आला, तोवर अशा फायलींचे ढीग तयार झाले होते.

म्हणजे या फायलीत मराठी अक्षरांचे क्रमांक नाहीतच, त्यांच्या चित्रांचे आहेत. फाँटचं नाव मूळ पानाच्या फायलीत होतं, टेक्स्ट करताना ते गळलं. इथे यूटीएफ-८ दिलंस तर पायथॉन बहुधा चूक दाखवेल, आणि पट्टीच्या फायलीचा ज्याने घात केला ते १२५२ इथे बरोबर ठरेल, कारण ते बाइट त्याच जगातले आहेत.

न उलगडणारं लिखाण आपल्या तालुक्याला नवं नाही. नाणेघाटातल्या लेण्यात, भिंतीभर, सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, नागनिका राणीच्या नावाने ओळखला जाणारा. अक्षरं झिजली आहेत, तरी दोन हजार वर्षं पुष्कळशी जागेवर आहेत. हरवलं होतं ते अक्षरांचं वाचन. आत काय आहे म्हणशील तर बराचसा हिशोबच आहे: यज्ञ कोणता, दक्षिणा काय, गायी इतक्या, घोडे इतके, कार्षापण इतके. शब्द आणि पुढे आकडा, अण्णांच्या पट्टीसारखंच. ब्राह्मीचं कोडं १८३७ साली कोलकात्यात जेम्स प्रिन्सेपने सोडवलं, तेही नाणेघाटावरून नाही. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावर लहान लहान लेख आहेत, आणि त्यांतले बरेच त्याच दोन अक्षरांनी संपतात हे त्याच्या ध्यानात आलं. देवस्थानात माणसं पुन्हापुन्हा काय कोरतील? अमक्याचं दान. ती दोन अक्षरं 'दानं' निघाली, द आणि न हाती लागले, आणि तिथून बाकीची लिपी उलगडत गेली. नाणेघाटातल्या आकड्यांवर पुढे १८७६ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी निबंध लिहिला. आपल्या अंकांचे फार जुने पूर्वज त्या भिंतीवर आहेत.

तर सोनू, सप्ताहाच्या पत्रिकेत माणसं पुन्हापुन्हा काय छापतील?

तू पाठवलेल्या फोटोत कितीतरी ओळी एकाच तुकड्याने सुरू होतात: छोटा जी, आडवी रेघ, मोठा एच, छोटा के, आडवी रेघ, छोटा आय, आडवी रेघ. मधे मधे टिंबासारखं काहीतरी असलेला तीन भागांचा तुकडा, आणि त्यापुढे प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी. कीर्तनकारांच्या नावाआधी ओतूरच काय, अख्ख्या महाराष्ट्रात काय लिहितात? ह.भ.प. म्हणजे जी हा ह, आय हा प, आडवी रेघ म्हणजे टिंब. आणि भ दोन चिन्हांचा झाला आहे, एच आणि के. मराठी टाइपरायटरवर अर्धं अक्षर मारून पुढे काना द्यायची रीत होती. या फाँटची मांडणी त्याच वळणाची दिसते. तेव्हा एच हा काना नसलेला भ, आणि के हा काना. एका ह.भ.प.ने पाच घरं उघडली, आणि काना मिळाला म्हणजे निम्मी मराठी मिळाली.

आता जी, एफ, जे, आय, के, मोठा बी असा शब्द रोजच्या कार्यक्रमात संध्याकाळच्या ओळीवर आहे. माहीत असलेलं भरून बघ: ह, दोन अनोळखी, प, काना, एक अनोळखी. सप्ताहात संध्याकाळी हरिपाठ नाही तर काय असणार! पहाटेच्या ओळीवर डी, के, डी, मोठा एम, के. पहिलं आणि तिसरं एकच, दोनदा काना: काकडा. रात्रीच्या ओळीवर डी, एच, आर, मोठा झेड, यू. डी म्हणजे क हे काकड्याने सांगितलंच आहे, तर हे कीर्तन. इथला एच छोटा आहे, भ मधला मोठा. दोन्ही वेगळी घरं, घोटाळा करू नकोस. त्याच्या आधी आय, छोटा झेड, ओ, पी, यू: प ने सुरू, न ने शेवट, हे प्रवचन. छोटा झेड म्हणजे पोटातला र, मोठा झेड म्हणजे डोक्यावरचा. सप्ताहाचा दिवस कसा जातो हे तुला लहानपणापासून पाठ आहे. ज्याला ते माहीत नाही अशा कितीही हुशार प्रोग्रामरला हे जड जाईल. तुला एक संध्याकाळ पुरावी.

तक्ता झाला की पायथॉनमध्ये त्याची डिक्शनरी कर: डावीकडे इंग्रजी चिन्ह, उजवीकडे मराठी. लांब तुकडे आधी बदल, म्हणजे एच-के एकत्र आधी, सुटा एच नंतर. तो सुटा एच म्हणजे हलंतासकट भ. मग छापून बघ. 'हिरपाठ' येईल आणि 'कीतर्न' येईल.

हसू नकोस, ही रूपं तू जुन्या मराठी वेबसाइटांवर नक्की पाहिली असशील. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात, कारण ती कागदावर आधी येते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण ती बोलताना नंतर येते. रफाराचं उलटं: टाइपरायटरवर अक्षरानंतर, युनिकोडमध्ये अक्षराआधी. तेव्हा वेलांटी हातात आली की तिला तशीच धरून ठेवायची आणि पुढचं अख्खं अक्षर लिहून झाल्यावर सोडायची. अख्खं म्हणजे जोडाक्षरासकट. 'स्थिती'मध्ये ती स् ओलांडून थ च्या पलीकडे जायला हवी. रफारासाठी मागे यायचं: 'वर्षी'सारख्या शब्दात आधी मात्रा ओलांडायची, मग अक्षर, आणि त्याच्या अलीकडे र् घालायचा. तीन ओळींचा प्रोग्राम इथे चाळीस-पन्नास ओळींचा होईल. होऊ दे. एक ओळ घेऊन एक ओळ देणारं छोटं फंक्शन लिही, आणि 'हरिपाठ', 'कीर्तन', 'स्थिती', 'वर्षी' हे चार शब्द त्याच्यातून आधी काढून बघ.

पत्रिकेच्या तळाशी जाहिराती असतील. त्यांत कोणी एसटीडी, पीसीओ असं इंग्रजीतच छापलं असेल तर तुझा प्रोग्राम त्याचंही मराठी करेल, आणि ते वाचून अण्णा विचारतील हे कोणतं गाव. त्याला यांत्रिक इलाज नाही. तेवढ्या ओळी हाताने दुरुस्त कर. आणि 'ल' आणि 'श' चे आकार जुन्या छपाईसारखे दिसत नाहीत म्हणून बिथरू नकोस. त्यांचे आकार कसे असावेत हे सरकारने २००९च्या शासन निर्णयात ठरवून दिलं होतं, पण तो प्रश्न फाँटचा. तुझ्या फायलीत फक्त क्रमांक असेल, ल हा कसाही दिसला तरी तोच.

नवी फाइल सेव्ह करशील तेव्हा शेजारी दोन ओळींची चिठ्ठीही ठेव: कोणत्या साली, कशावरून, कोणत्या एन्कोडिंगमध्ये. खोडदची ती मोठी दुर्बीण तू शाळेच्या सहलीत पाहिली आहेस, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. तिथली निरीक्षणं अभ्यासक फिट्स नावाच्या फायलींमध्ये हाताळतात. फिट्सच्या सुरुवातीला साधा वाचता येणारा मजकूर असतो, ८० अक्षरांची एकेक ओळ. पुढे येणारे आकडे कोणत्या जातीचे, किती, कुठल्या तारखेचे हे त्यात लिहिलेलं असतं. ८०चा आकडा जुन्या छिद्रवाल्या कार्डांवरून आला. आकाशातून आलेल्या आकड्यांची इतकी काळजी घेतात, आणि आपण आपल्याच गावचं लिखाण बिनचिठ्ठीचं ठेवून देतो, याचा मला थोडा रागच येतो. तो तुझ्यावर नाही.

सीडीवरून फाइल आधी उतरवून घे आणि सीडीला पुन्हा हात लावू नकोस. ह, भ, प, र, क, त, न, ठ, ड, व, च, काना आणि दोन्ही वेलांट्या एवढं तुझ्याकडे आहे. ज्ञानेश्वरी, पारायण, गाथा, जागर, महाप्रसाद या शब्दांतून आणखी मिळेल. अडशील ती अंकांशी, कारण मराठी अंक अशा फाँटांत कुठल्यातरी कोपऱ्यातल्या घरांत असतात आणि कीर्तनाच्या यादीत त्यांचा पत्ता लागत नाही. त्यासाठी या पत्रिकेची छापील पुस्तिका लागेल. वहिनी म्हणते, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात एक आहे. तिच्या मागच्या पानांवर देणगीदारांची यादी असणार, प्रत्येक नावापुढे रु. आणि आकडा. त्या पानांचे फोटो आधी पाठव, उजेडात काढून, पण अण्णांची ओळ झाकून. अण्णांची देणगी किती होती ते मला सांगू नकोस, मी फायलीतून काढून तुला सांगते, आणि मग आपण पडताळू.

अण्णांना साष्टांग नमस्कार. वहिनीला सांग, या खेपेला पापड मीच आणीन.

तुझी,
आत्या